खळगे

हणजुणेच्या खडकांवर ओहोटी लागली
तेव्हा पहाटेचे पावणेपाच होते.
लुदोविना पुढे, चपला हातात,
मी मागे, बर्फाची पेटी सांभाळत.
तपकिरी शेवाळ तिने उपटलं नाही,
भाजी खुडावी तसं खुडलं.
म्हणाली, कुजलेलं घे. ताज्यात काय मिळणार तुला?

बरोबर होतं तिचं.

आता दोना पावलाला, तिसऱ्या मजल्यावर,
बशीत आहेत ते:
ज्यावर वाढवलं तेच अगार खात
हळूहळू खाली उतरणारे.
प्रत्येक ठिपक्याखाली एक खळगा.
आयोडीन ओतलं की बशी काळपट होते
आणि खळग्याभोवती उरतं फिकं वर्तुळ,
तेवढं पचलेलं.
मी पट्टी लावते. अकरा मिलिमीटर.

आठ महिने लाड केले त्यांचे.
मीठ तीन टक्के, मग अडीच, मग साडेतीन.
अठ्ठावीस अंश, तीस, चौतीस.
शेकर रात्रभर सुरू,
झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखा.
यीस्टचा अर्क, पेप्टोन,
आणि एकदा, वाढ मंद वाटली म्हणून,
चमचाभर ग्लुकोज.

वाढले की! ताकासारखे दाट झाले फ्लास्क.
विकर मात्र शून्याजवळ.
आयती साखर मिळाल्यावर
शेवाळाची घट्ट वीण कोण उसवत बसेल?

आलेख बघून लुदोविना हसली.
तिचे वडील रांपणीवर होते.
"पोट भरिल्ल्याक दर्या दिसना गो,"
एवढंच बोलली, आणि काचसामान धुवायला गेली.

साखर बंद. पेप्टोन निम्मं.
त्याऐवजी त्या पहाटेचं शेवाळ, वाळवून, दळून,
शंभर मिलिलिटरला अर्धा ग्रॅम.
बहात्तराव्या तासाला आकडा चौपट.
पाव ग्रॅमवर पुन्हा कोसळला.
भूक नेमकी किती, हे कळायला
एकवीस फ्लास्क लागले.

सर म्हणाले, लिहून काढ.
विद्यावेतन चार महिने आलेलं नाही,
तेव्हा हा निष्कर्ष मी त्यांना
जरा बेतानेच सांगितला.

संध्याकाळी जुनी बशी खिडकीकडे धरते.
खळगे तळाला टेकलेत.
त्यातल्या एकातून दिसतो
झुआरीच्या मुखाशी थांबलेल्या बार्जचा दिवा,
थोडा वाकडा.

ही धुवू? लुदोविना विचारते.
थांब, म्हणते मी.
कडेला अजून खातायत.