वस्तीची गाडी

लेकीनं नकाशा धाडलाय.
जानेवारीत तिघं, चाकांवरच्या घरातून,
फ्रान्सपासून खाली, समुद्र धरून.

ओट्यावर आमसुलं सुकतायत. शेजारी
मी तो पसरतो, कोपऱ्यांवर करवंट्या.
बत्तीस वर्षं आचऱ्याला वस्तीची गाडी नेली:
देवळामागे वळण,
टपावर चादर,
पहाटे कुणीतरी आणलेला चहा.

आता पेन्सिलीनं मुक्काम टिपतोय.
दिवसाला दोनशे किलोमीटर, त्यावर नको.
साडेपाचलाच अंधार. नळ गोठतात म्हणे.
पर्पिन्यां. वालेन्सिया.
पुढचं नाव मला उच्चारता येत नाही,
तिथं दोन रात्री.

शालन विचारते,
"गाडी लावल्यावर
पाणी कुणाच्या दारात मागायचं?"

वस्तीच्या गाडीला हे कधी
विचारावं लागलं नव्हतं.
मी काहीच लिहीत नाही.
ती मूठभर आमसुलं
वेगळी काढते.