ओ

मंगळवार पेठेच्या चौकीतून हवालदार ढमढेरे
पुडी घेऊन आले, वर्तमानपत्रात, दोऱ्याने करकचून बांधलेली.
"मॅडम, हीच का ती हाकवेल, तेवढं लिहून द्या."

पानं एका अंगाला लंगडी.
देठावर लव.
फूल वाळून कानाच्या पाळीसारखं दुमडलेलं.
वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत, उत्तरेच्या कड्याला
मार्गशीर्षात वर येते म्हणे,
शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत.

सावलीत वाळवून मुळासकट कुटतात.
जुन्या बाजारात बुधवारी नि रविवारी
गंजक्या कुलुपांच्या ढिगामागे मिळते.
किल्ली हरवलेलं कुलूप मागायचं, म्हणजे त्याला कळतं.
एक हाक दीडशे रुपये.

जिभेखाली चिमूट ठेवली की
पाठीमागून कुणीतरी आपलं घरातलं नाव घेतं.
गेलेलं माणूस. त्याच आवाजात, त्याच घाईनं.
परवा लकडी पुलावर एकजण
भर रहदारीत थांबून "आलो, आलो" म्हणत होता,
ढमढेरे सांगत होते,
पन्नाशीचा माणूस, हातात कोथिंबिरीची जुडी.

आमच्याकडे म्हणत,
तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नये.
दोनदाच बोलावतं ते माणूस नसतं.

मी नमुना कागदावर चिकटवला.
पान उलटताना अंगठा ओठाला लावायची माझी सवय
तेवीस वर्षांत गेलेली नाही.

साडेतीनला खिडकीशी ऐकू आलं,
"निमू."
निमू म्हणणारा एकच. मुकुंद.

पण मुकुंद आहे की.
कर्वेनगरला, डबा खाऊन
बातम्या लावून आडवा झाला असेल.
सकाळीच म्हणाला, गॅसचा नंबर लाव.

पुन्हा आलं. "निमू, हे बघ."
काय बघ, ते नाही सांगितलं.
मी बसून राहिले.
शिपायानं एकेक पंखा बंद केला,
माझ्या डोक्यावरचा शेवटी.

अहवालात लिहिलं:
नमुना अपुरा. ओळख पटली नाही.

घरी आले. दारातूनच हाक मारली त्याला.
आत टीव्ही चालू.
दुसरी मारली, जरा मोठ्यानं.
मग चपला काढल्या,
एकमेकींना लावून ठेवल्या,
आणि तिसरीसाठी ते नाव आठवू लागले
जे लग्नाच्या वर्षी मी त्याला ठेवलं होतं.