एकोणतीस फेब्रुवारी

दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला
आमच्या मोंतेविदेओत घरोघरी बटाटे उकडतात.
पगार आटलेला असतो, पिठाचा डबा तेवढा बोलतो,
म्हणून न्योकी.
आणि ताटाखाली एक नोट,
येणाऱ्या महिन्याला आधीच लाच.

फेब्रुवारीला मात्र एकोणतीस चार वर्षांतून एकदा,
आणि नेमका त्याच दिवशी वॉशिंग्टन जन्मला.
यंदा तो सोळा वर्षांचा झाला.
गुडघे चौसष्टचे.

नेलिदा सकाळपासून माझ्या ओट्याशी.
बटाटा गरम असतानाच कुस्करायचा, म्हणते,
गार झाला की रुसतो,
मग पीठ घाला नाहीतर नवस बोला.
मी म्हटलं, तुझ्या नवऱ्यासारखा.
ती हसली, पीठ उडालं,
चष्म्यावरची भुकटी दुपारपर्यंत तशीच.
पीठ किती, ते ती सांगत नाही.
हाताला कळतं म्हणते,
आणि हात तर तिचा.

लांब वळकटी, बोटभर तुकडे,
काट्याच्या दातांवरून अंगठ्याने एकेक घसरवायचा,
पाठीवर रेघा उमटेपर्यंत. रस्सा त्या रेघांत बसतो.
उकळत्या पाण्यात माझे आधी वर आले.
मी काही बोलले नाही.
तीच म्हणाली : हलके नाहीत, उतावळे आहेत.

रात्री नऊला अंगणात, द्राक्षवेलीखाली, सगळे.
ओसिरिस प्रोजेक्टर घेऊन आला,
त्याचं थेटर बंद होऊन तिथे गाद्यांचं दुकान झालं
त्या दिवशी हातगाडीवर घालून आणलेला.
दोरीवर माझी लग्नातली चादर.
तिच्यावर वर उजवीकडे टोमॅटोचा एक डाग,
किती धुतला तरी फिका होतो, जात नाही.
प्रत्येक नायिकेला कधी ना कधी त्या डागातून जावंच लागतं.
गाल लाल झाला की आम्ही ओरडतो, लाजली!

सिनेमा नेहमीचाच, आमच्याकडे एकच आहे.
दीपगृहवाल्याची मुलगी, अ‍ॅकॉर्डियन विकणारा तरुण,
धक्क्यावर जहाज, वर चढायची शिडी,
आणि तिथेच रीळ संपतं.
शेवटचं रीळ कधीच हरवलंय.
म्हणून शेवट ज्याचा वाढदिवस त्याने सांगायचा.
नेलिदा दर खेपेला तरुणाला बुडवते.
ओसिरिसच्या शेवटात बाप जहाजावर चढतो
आणि दोघं दीपगृह सांभाळत बसतात.

चार वर्षांपूर्वी वॉशिंग्टनने दोघांना जेनोआला पोचवलं होतं,
वाटेत वादळ, डेकवर नाच,
आणि शेजारी बसलेली आम्पारो म्हणाली होती,
अरे, मला कधी पिरियापोलिसलासुद्धा नेलं नाहीस.

या वेळी चादर पांढरी झाली, पंखा घरघरत राहिला.
आम्ही थांबलो.
शेजारची खुर्ची कुणी मुद्दाम ठेवली नव्हती, आपोआप राहिली होती.
तो म्हणाला, जहाज चुकलं.
शिडीवर ती थांबली, हा खालून काहीतरी बोलला,
तेवढ्यात भोंगा.
मग?
मग काय, भूक लागली. घरी गेले.
घरात काय होतं?
बटाटे होते, म्हणाला,
आणि ताट पुढे केलं,
अजून थोडे वाढ, नेलिदाचे नकोत, तुझे.

नेलिदा ते सहन करणार नव्हती.
दोघींचे वाढले. त्याने दोन्ही संपवले.
केकवर सोळा मेणबत्त्या होत्या,
एका फुंकरीत तेरा विझल्या,
उरलेल्या तीन ओसिरिसच्या नातीने,
थुंकीसकट.

सकाळी उरलेले न्योकी लोण्यात परतले, कडा खरपूस,
भांडी विसळताना एका ताटाखाली नोट सापडली,
ओली, रश्श्याला चिकटलेली.
वॉशिंग्टनची असणार. फोन केला तर म्हणाला, ठेव, मार्चची आहे.
कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला दिली.
त्याने ती नाकाशी धरली,
लसूण जास्त झाला होता, म्हणाला,
आणि गल्ल्यात टाकली.