शब्द संपू दे

सगळा मिळून एकोणचाळीस ओळींचा प्रोग्राम.
पुन्ता अरेनासच्या आमच्या स्वयंपाकघरात,
पावाच्या डब्याशेजारी, झाकण तुटलेल्या लॅपटॉपवर
रात्रंदिवस चालू असतो.
बाबांच्या बोटांना आता रेडिओचं बटण धरवत नाही,
म्हणून कधी काय लागायचं ते मी लिहून दिलं.

सहाला सामुद्रधुनीचं हवामान.
आठला ब्राच बेटावरचं एक छोटं स्टेशन,
बाबांचे आजोबा निघाले ते बेट.
तिथे तेव्हा दुपारचे बारा, चर्चच्या घंटा.
बाबांनी बेट पाहिलेलं नाही. तिथल्या भाषेतले
चाळीसेक शब्द येतात, त्यांतल्या निम्म्या शिव्या,
उरलेली माशांची नावं.
घंटांना भाषा लागत नाही, म्हणतात,
आणि पावाला लोणी लावतात.

एकला इथलंच स्टेशन, निरोपांसाठी.
दूरच्या मेंढवाड्यांचे निरोप अजून वाचतात:
तिसऱ्या ठाण्यावरच्या ओनोफ्रेला, औषध गुरुवारच्या ट्रकने येतंय.
दोन ते चार काही नाही.
काही नाही, याचीही एक ओळ लिहावी लागते,
नाहीतर यंत्र आधीचंच वाजवत बसतं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली.
आम्ही इथे घड्याळाला हात लावत नाही.
आठला लागली गाद्यांची जाहिरात.
बाबा सुरी धरून थांबले.
"आज तिकडे बारा वाजलेच नाहीत."
वाजले होते, तासापूर्वीच.
आता बारा वाजले होते ते माझ्या प्रोग्रामचे.
तेव्हापासून तेवढी एक ओळ बेटाच्या घड्याळाने चालते,
आणि ऑक्टोबरपर्यंत आमची न्याहारी सातला.

खरी तक्रार मात्र वेगळीच होती.
ठरल्या सेकंदाला यंत्र कात्री लावायचं.
निवेदिका "उद्या दुप—" आणि लगेच गिटार.
बाबा टेबलावर हात आपटायचे.
एका शब्दाने काय बिघडतं, मी म्हटलं.
तेव्हा सांगितलं त्यांनी, चव्वेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा.

एकोणऐंशीचा जुलै. डोंगरातलं ठाणं,
नऊशे मेंढ्या, दोन कुत्री, कमरेएवढा बर्फ.
ट्रान्झिस्टरच्या बॅटऱ्या
शेगडीपाशी शेकून शेकून पुन्हा घातलेल्या.
"दांको मारुसिच यांना निरोप:
बाळंतपण नीट झालं. मुलग—"
आणि रेडिओ मेला.

वाट मोकळी व्हायला एकवीस दिवस गेले.
एकवीस दिवस मी बोरिसही होते, नेवेंकाही.
दोन्ही नावं त्यांनी दारात उभं राहून
मोठ्याने हाक मारून पाहिली.
कुठलं बरं वाटलं, मी विचारलं.
"कुत्री दोन्हीला धावत यायची."

त्या रात्री आणखी चार ओळी घातल्या.
वेळ झाली तरी लगेच बदलू नकोस.
ऐक. अर्धा सेकंद शांतता सापडू दे, मग बदल.
नाही सापडली तर थांब.
किती थांब, ते लिहायचं राहिलं. राहू दिलं.

काल निरोपवाली बाई थांबायलाच तयार नव्हती.
कुणाची तरी घोडी, कुणाचा तरी दाखला,
कुण्या आत्याचा सत्तरावा वाढदिवस.
दोन वाजून वीस सेकंद. चाळीस.
बाबा लॅपटॉपकडे बघत होते,
हातातला कप टेबलावर न ठेवता.
"...आणि येताना दोरखंड आणा," ती म्हणाली,
आणि श्वास घेतला.

मग काही नाही लागलं.
पत्र्यावर वारा होता,
तो यादीत नव्हता.