निवडीचं कारण

मंत्रालयाच्या अर्जात एक रकाना होता:
निवडीचं कारण.
बोटभर रुंद. त्यात मावेल असं काहीतरी
शुक्रवारपर्यंत लिहायचं होतं.

काम तसं साधं. तळघरातला संगणक
म्हातारा झालेला, श्वास घेताना घरघरणारा,
आणि त्याच्या पोटात एकोणीसशे तास आवाज:
कापणीची गाणी, पाळणे, मयताचे हेल,
डोंगरातल्या ज्या गावांत आता फक्त अक्रोड गळतात
तिथले.
ते सगळं वरच्या मजल्यावर, नव्या संगणकात न्यायचं.
मध्ये बावीस पायऱ्या
आणि खिडकीतून सोडलेली एक निळी वायर,
जिच्यावर कुताईसीच्या चिमण्या बसतात.

पहिलं सॉफ्टवेअर देखणं होतं.
हिरवी पट्टी, उडणारे छोटे कागद.
म्हणालं, चार मिनिटं.
मग म्हणालं, एकोणीस दिवस.
मग पुन्हा चार मिनिटं, हसत हसत,
उसने मागायला आलेल्या मेव्हण्यासारखं.

दुसऱ्याला आधी पैसे हवे होते, मग पासवर्ड,
मग सगळे आवाज त्याच्या परदेशातल्या गोदामात,
तिथून परत आमच्याकडे.
बातोनो जुमबेर चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
“गोगो, बावीस पायऱ्या चढायला
समुद्र ओलांडायचा?”

तिसरं सुसाट. जेवून येईपर्यंत तीनशे तास वर.
पण आमची लिपी त्याला वाचता येईना.
गावांची, बायकांची, गाण्यांची नावं
एकजात प्रश्नचिन्हं झाली.
????? यांनी गायलेलं ????, साल १९७४.
अख्खा डोंगर मला विचारत होता, आम्ही कोण?
मी ते सगळं पुसलं आणि खाली जाऊन
थोडा वेळ त्या घरघरीपाशी बसले.

चौथं माझ्या भावाच्या मित्राने सांगितलं.
त्याला चेहराच नाही. काळी खिडकी, एक ओळ.
ओळीत एक टिंब चुकलं तर तक्रार,
सगळं बरोबर असलं तर गप्प.
“हे बरं आहे,” जुमबेर म्हणाले. ते स्वतः
दिवसाकाठी अकरा वाक्यं बोलतात.

रात्री वीज गेली.
रिओनीच्या पलीकडचा सगळा काठ अंधारात.
अंथरुणात मी हिशेब करत राहिले,
कुठवर पोचलं असेल, काय मधूनच तुटलं असेल.
सकाळी तीच ओळ पुन्हा टाकली.
क्षणभर काहीच नाही.
मग ते चालू लागलं, थांबलं होतं त्या गाण्यापासून,
गाण्याच्याही मधल्या कडव्यापासून,
ओळीवर बोट ठेवून वाचणाऱ्या पोरासारखं.

नऊ दिवस. मग पडताळणी,
इकडची बेरीज, तिकडची बेरीज.
सगळं जुळलं, एक सोडून.
पेपेला, गाव झेमोखेवी, खुरपणीचं गाणं.

मी दोन्ही प्रती ऐकल्या, डोळे मिटून.
दोन्हीत ती तशीच चढते, तिसऱ्या ओळीला खोकते,
मागे कुत्रं भुंकतं. फरक सापडेना.
जुमबेरांना बोलावलं. ते गाणं टेपवर उतरलं तेव्हा
ते बारा वर्षांचे होते,
बापामागून बॅटरी वाहत गेलेले.
एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं.
“खरी कुठली?” मी विचारलं.
“कुत्रं आमचं होतं,” ते म्हणाले.
गाणं संपल्यावरही ऐकत राहिले,
नुसता पंख्याचा आवाज.
मग उठता उठता,
“त्या दिवशी वारा होता. तो दोन्हीत नाही.
पाठव पुन्हा.”

पुन्हा पाठवलं. जुळलं.
कानाला काहीच बदललं नाही.

राहिला रकाना.
लिहून पाहिलं: पडलं तर पहिल्यापासून रडत नाही.
लिहून पाहिलं: आमची नावं जशीच्या तशी ठेवतं.
दोन्ही वेळा अक्षरं रेघेबाहेर गेली.
शेवटी लिहिलं: फुकट आहे.

सोमवारी अर्ज परत आला,
शिक्का मारून.