पोटाकडून बघायचं

खुर्ची पारखायची तर आधी उलटी करायची,
असं एल्सवर्थ टिंगली म्हणायचा.
वरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते,
खरं काय ते बुडाशी कळतं :
रंधा कुठे अडखळला, खिळा कुठल्या शतकातला,
आणि किड्यांची भोकं
किड्यांनीच पाडलीत की दाभणानं.

बॉस्टनला चार्ल्स स्ट्रीटवर त्याचं दुकान, तीन मजली.
मागच्या खोलीत एक म्हातारा इटालियन
नव्या मेजांना चहाचं पाणी पाजून
दोनशे वर्षांची करायचा.
हे टिंगलीनंच मला सांगितलं, हसत,
पुढे कधीतरी, संग्रहालयाच्या तळघरात,
जिथे मी पक्ष्यांच्या पायांना चिठ्ठ्या बांधते.

बावन्नाव्या वर्षी त्यानं दुकान फुंकून टाकलं.
लोक म्हणाले, बायको गेली म्हणून.
मला म्हणाला,
एका कपाटाच्या चोरखणात वाळलेली चिमणी निघाली.
अर्धा तास उलटीपालटी केली,
कुठेच डागडुजी नव्हती.

मग बोलिव्हिया.
एकतीस खेचरं, कातडी सोलणारे दोघे, आर्सेनिकचा साबण,
कागदावर शिक्का संग्रहालयाचा,
पैसा सगळा त्याचा.
बंदूक त्याला धड धरता येत नव्हती.
नेम सातुर्निनो चोकेचा,
युंगासच्या उतारावर कोकाच्या मळ्यात वाढलेला,
धुक्यात काही दिसत नसताना
आवाजाच्या अंगानं गोळी झाडणारा.
पक्षी अजून ऊन असायचा,
टिंगली तळहातावर घ्यायचा
आणि उताणा करायचा.

असाच तो एक आला. वीतभरही नाही,
गळ्यावर विटकरी पट्टा.
पुस्तकात नव्हता, कुठल्याच खणात नव्हता.
नव्या जातीला टिंगलीचं नाव दिलं गेलं,
लॅटिन शेपटी लावून.
मेजवानी झाली, कालवं, भाषणं,
त्याच्या कोटाला कुणीतरी फूल टोचलं.
चिठ्ठी मी लिहिली, काळ्या शाईनं, माझ्या सर्वांत बऱ्या अक्षरात.

सात वर्षांनी तो जिना उतरून आला,
गुडघे धरत,
बगलेत त्या प्रवासाची वही.
पान आधीच दुमडलेलं होतं :
*सातुर्निनो म्हणतो हे पोर आहे.
वयात आलं की गळा काळा पडतो.
त्याच्या आईच्या छपरावर रोज बसतो म्हणे.*
खाली, दुसऱ्या शाईत :
*खेचर दरीत गेलं. मीठ संपलं.*

खण ओढला. भिंगाखाली धरलं.
विटकरी पट्ट्याच्या कडेला, कातडीतून नुकतं डोकावणारं,
एक काळं पीस.
"हे मला तिथेच दिसलं होतं," तो म्हणाला.
"तीस वर्षं नवं ते जुनं म्हणून विकलं, मिस वॉर्डवेल.
जुनं ते नवं म्हणून एकदाच."
मग रुमाल शोधत बसला, जो हातातच होता.

नाव काढून टाका, असं पत्र त्यानं वर पाठवलं.
वरच्यांना पुढच्या मोहिमेचा धनादेश हवा होता.
उत्तर आलं, विचार करू.

आमच्याकडे जुनी चिठ्ठी कधी फाडत नाहीत.
चूक असली तरी राहते,
शेजारी दुसरी बांधतात.
वरून हुकूम आला नाही, तरी मी बांधली.
वर्ष, उंची, जागा,
आणि मागच्या बाजूला, बारीक :
*मारला सातुर्निनो चोकेनं. तेव्हाच म्हणाला, पोर आहे.*

टिंगली गेला त्या हिवाळ्यात.
त्याच्या घरच्या लिलावात मी एक स्टूल घेतलं, सहा डॉलरला.
बुडाशी भोकं आहेत.
मी अजून सुई घालून बघितलेली नाही.

खणात सगळे उताणेच निजतात, तशी रीतच आहे,
पोटं वर, डोळ्यांच्या जागी कापूस.
त्या एकाच्या पायाला दोन चिठ्ठ्या.
खण लोटला की
त्या एकमेकींवर घासतात.