कितवा

एप्रिल निम्मा सरला तरी ओमाहात बर्फ.
मोटेलच्या भिंतीला टेकून उभा केलाय लोखंडी फळा,
त्यावर चुंबकाच्या दोनशे पट्ट्या.
पट्टीवर नाव, गाव, कॉलेज, वजन,
आणि चाळीस यार्ड धावायला लागलेला वेळ,
सेकंदाचे शंभर तुकडे करून.

घोडामैदान जवळ आलंय.
पुढच्या गुरुवारी एकेक संघ उठेल, एकेक नाव घेईल.
त्याआधी माझी यादी पोचायला हवी,
पहिल्यापासून दोनशेव्यापर्यंत,
आणि मध्ये कुठेही बरोबरी चालत नाही.
दोन पोरं सारखीच चांगली, असं लिहिलं
तर साहेब विचारतात, मग टिडवेल, तुला पगार कशाचा?

एकतीस वर्षं हेच करतोय.
मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे;
मी ते चुन्याच्या रेघेवर बघतो,
टाच उचललेली, घोट्याला चिकटपट्टी.

एकेचाळीसवर आत्ता एमेट व्हॉन्ड्राचेक.
इथलाच, नेब्रास्काचा. बाप धान्याच्या कोठारावर.
सहा फूट चार, मान थेट खांद्यातून उगवलेली.
प्रत्येक प्रश्नाला "हो सर", आणि मग इतका वेळ गप्प
की मीच घाबरून पुढचा प्रश्न विचारतो.
खोट काढायला तीनदा आलो. सापडली नाही.
खोट नसलेल्या पोराची मला जरा भीतीच वाटते.

बेचाळीसवर जावोरिस मिम्स.
गेल्या महिन्यापर्यंत तो एकोणतिसावा होता.

मार्चमध्ये मीच त्याचा पंजा मोजला.
टेबलावर पसर, म्हटलं. अजून पसर.
अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत
नऊ इंच हवेत. एक अष्टमांश कमी भरला.
करंगळीचं पेर वाकडं आहे त्याचं:
तेराव्या वर्षी, वय चोरून, कॅटफिशच्या कारखान्यात
आईशेजारी उभा राहायचा, तिथली सुरी.
करंगळी सरळ असती तर...
पण पट्टीला "असती तर" वाचता येत नाही.
मी खरं तेच लिहिलं, नियमाप्रमाणे मोठ्यानं म्हटलं,
आणि मागच्या बाकांवर बारा पेनं एकदम वाकली.

"सर, डावा मोजा," तो हसून म्हणाला, "डावा पुरा भरतो."
नियम उजव्याचा आहे.

चार वर्षांत त्याच्या हातून सुटलेले चेंडू:
तीन. त्यातला एक वादळात.

त्याच्या आईकडे जेवलोय मी, मिसिसिपीच्या सपाटीवर,
कापसाच्या रिकाम्या शेतांच्या कडेला.
ताट पुढे सरकवत तिनं विचारलं, "कितवा?"
मी घाईनं तोंड भरून घेतलं.
"राहू द्या," ती म्हणाली. "मीपण निवडतेच दिवसभर.
पट्ट्यावरून मासे येतात: मोठा, मधला, बारीक.
मग संध्याकाळी बसमध्ये माणसं चढतात,
तीही तशीच दिसतात. मोठं, मधलं, बारीक.
तुमचं होतं का हो असं?"

मी पावाचा तुकडा मोडला. नाही म्हणालो.

नातीच्या शाळेत नाच होता ख्रिसमसला.
अकरा पोरी, कागदी पंख लावलेल्या.
दुसरं गाणं संपेपर्यंत माझ्या डोक्यात
सगळ्यांचे क्रम लागले होते.
आमची सातवी आली.
हे मी घरी कुणालाच सांगितलेलं नाही.

रात्री अडीचला मी दोन पट्ट्यांची अदलाबदल केली.
सव्वातीनला पुन्हा.
टक्, टक्. फळ्याला दोघंही सारखेच चिकटतात.
मग साहेबांचा चेहरा आठवला, आणि ते पंजाचं माप,
जे आता बाकीच्या एकतीस संघांकडेही आहे.
बेचाळीस.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना असतो: स्वभाव.
जागा इंचभर. एमेटचा कधीच भरलाय, "शांत".
बाहेर बर्फ खरवडणारी गाडी येऊन गेली,
खिडकीची काच थोडा वेळ पिवळी झाली.
जावोरिसच्या रकान्यात मी लिहितो
"डावा हात नऊ इंच"

आणि जागा संपते.